मामांनी दिलेली चिठ्ठी

म्हैसूरला राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गावाकडचे पाहुणे आले, की राजवाडा, चामुंडी आणि वृंदावन यांच्या जोडीला रंगनतिट्टूची फेरी ठरलेलीच असते. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रातली ही लहान लहान बेटे. कंठीरव नरसराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत, १६४५ ते १६४८ च्या दरम्यान, नदीला बंधारा घातला गेला आणि त्याच्या अडलेल्या पाण्यात ही बेटे तयार झाली. चित्रबलाक, चमचे, शराटी, बगळे आणि पाणकावळे तेथे वर्षानुवर्षे घरटी बांधीत आले. परंतु ही जागा राखून ठेवावी, असा शब्द १९४० मध्ये म्हैसूर दरबाराकडे ज्यांनी टाकला, ते डॉ. सालिम अली मुंबईच्या खेतवाडीत वाढलेले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या चरित्राचा हा अल्प परिचय आहे. आणि त्यात त्यांच्याइतकेच स्थान त्यांच्या मामांना द्यावे लागेल.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन वारले आणि तीन वर्षांचे होतात न होतात तोच आई झीनत-उन-निसा यांचेही छत्र हरपले. ह्या पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी आणले. ह्या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. आजोळी चार दिवस जाऊन येणारी मुले आपण पाहतो; सालिमचे सारे बालपणच आजोळी गेले.

अमीरुद्दीन हे पट्टीचे शिकारी होते. त्यांनी भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक दिली. आजच्या पालकांना हे वाचून धक्का बसेल, आणि बसणे योग्यच आहे. परंतु त्या काळी रानाची ओळख बहुधा बंदुकीच्या वाटेनेच होत असे. सुटीत कुटुंबाचा मुक्काम चेंबूरला पडे. आज तेथे इमारतींची दाटी आहे. त्या वेळी रान होते. तबेल्यातील घरट्याची राखण करणाऱ्या चिमण्याला सालिमने टिपले. चिमणीने लगोलग दुसरा जोडीदार मिळविला. त्यालाही टिपले, तर तिसरा हजर! सात दिवसांत असे आठ नर त्याने पाडले. ह्या साऱ्याची नोंद त्या पोराने लिहून ठेवली, ही खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. शिकारी पोरे त्या काळी गल्लोगल्ली होती. टिपणे ठेवणारी किती असतील?

पुढे एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. हा पक्षी खाण्यास चालेल की नाही, अशी शंका येऊन मुलाने तो मामांपुढे नेला. मामांनाही तो ओळखता येईना. येथे दोन गोष्टी सहज घडू शकल्या असत्या : काहीतरी ठोकून देणे, किंवा अभ्यासाला बस म्हणून पिटाळणे. अमीरुद्दीन यांनी यांपैकी काहीच केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्या नावे त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि भाच्याला तेथे धाडले.

एका भारतीय मुलाने गोऱ्या साहेबाच्या दारी मेलेली चिमणी घेऊन जावे, हे त्या दिवसांत सोपे नव्हते. मिलार्ड यांनी ती पीतकंठ चिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. तेथून मुलाचे आयुष्य वळले. मात्र ते वळण सरळ नव्हते. मॅट्रिक कशीबशी पदरात पडली. १९१४ मध्ये घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे रवानगी झाली. तेथील जंगलात पक्षी भरपूर पाहता आले. व्यवसायाचे मात्र फारसे काही जमले नाही. परत आल्यावर सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नोकरी मिळाली, बर्लिनला प्रा. स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिक्षण झाले. आणि १९३० मध्ये परतून पाहतात, तर पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली!

मग हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तेथे सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. आपल्या भाषेने ह्या पक्ष्याला स्त्रीचे नाव दिले, परंतु घरटे विणतो नर. अर्धवट विणलेले घरटे मादी पारखते आणि पसंत पडले तरच त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणावयास घेतो. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या लेखाने त्यांचे नाव झाले. पोटापाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तेव्हा त्यांनी निरनिराळ्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम हाती घेतले. मानधन नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्यावा, अशी त्यांची तयारी असे. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर असे तळ पडत गेले. तेहमिना बरोबर असत. सुखवस्तू घरातील ही स्त्री रानातल्या राहुटीत रमली, पतीचे इंग्रजी लेखनही तिने घासूनपुसून दिले.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सालिम अली त्रेचाळिशीत आले होते. मूल नाही, कायमची नोकरी नाही. बहीण कमू आणि मेव्हणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. लहानपणी मामाने आणि आता बहिणीने! त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाच्या पाहणीचे काम सुरू झाले. दुःखात माणूस घराकडे वळतो. ह्या माणसाचे अर्धे घर बालपणापासून रानातच होते, म्हणून ते रानाकडे वळले, असे मला वाटते. ह्या पाहणीचा वृत्तान्त १९४२-४३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आला.

ह्याच भटकंतीत कावेरीतील बेटे त्यांच्या नजरेस पडली. बंदुकीने सुरू झालेला प्रवास येथे उलट दिशेस आला होता. ह्या बेटांवर कोणी बंदूक चालवू नये, घरट्यांना धक्का लावू नये, असे आता ते सांगत होते. दरबाराने ते ऐकले आणि १९४० मध्ये रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य झाले. खेतवाडीतल्या मामांप्रमाणेच म्हैसूरच्या अधिकाऱ्यांनीही एका पक्षिवेड्याचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही, याचे श्रेय ह्या नगरीला दिलेच पाहिजे.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले आणि घरोघरी गेले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व असे मान चालत आले. त्याच १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी एका चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

रंगनतिट्टूला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. वर कृष्णराजसागरातून जादा पाणी सोडले, की नदी फुगते, बेटांना पाणी लागते आणि नावाही बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा पावसाळ्यात मुलांना घेऊन निघण्यापूर्वी चौकशी करून गेलेले बरे.