केरूनाना छत्रे : चुंबकाच्या पट्टीपासून सूर्यबिंबापर्यंत

महाराष्ट्रातील आधुनिक विज्ञानोपासकांच्या पहिल्या पिढीत प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांचे स्थान अग्रभागी आहे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या विद्वत्तेचा पाया कुलाब्याच्या वेधशाळेत, लोखंडाच्या एका टांगत्या पट्टीसमोर घातला गेला, ही हकिकत तितकीशी परिचित नाही.

अलिबागच्या दक्षिणेस, अष्टागरातील नागाव येथे १६ मे १८२५ रोजी केरूनानांचा जन्म झाला. मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दोन थोर गुरू लाभले : गणिताचे प्राध्यापक ऑर्लिबार आणि 'दर्पण'कार आचार्य बाळशास्त्री जांभेकर. हे दोघेही गुरू कुलाबा वेधशाळेशी संबंधित होते. त्यामुळे अत्यंत लहान वयातच शिष्यही तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाला.

या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात होते. त्या कामाचे स्वरूप वरवर पाहता अगदी साधे. चुंबकित पोलादाची एक पट्टी आडवी, मोकळी टांगलेली असे. ती उत्तर-दक्षिण स्थिरावे. पण पूर्णपणे स्थिर कधीच राहत नसे. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे ती किंचित इकडे-तिकडे सरके. हे सरकणे डोळ्यांना दिसण्याजोगे नसे. दुर्बिणीतून मोजपट्टी पाहून आकडा टिपावा लागे. असे आकडे तासातासाला, दिवसा व रात्री, पावसाळ्यात व उन्हाळ्यात टिपावयाचे. एकही नोंद चुकली, तर साखळीचा दुवा निखळणार. केरूनानांनी सुमारे दहा वर्षे या वेधशाळेत काढली. नेमकेपणा हा गुण पुस्तकातून येत नाही, अशा कामातूनच तो अंगी मुरतो.

या कामातली मोठी अडचण म्हणजे उष्णता. तापले की चुंबकाचे बळ घटते, धातूची लांबी वाढते आणि वेध चुकतो. म्हणून चुंबकाच्या आकड्याजवळ तापमानाचा आकडाही लिहावा लागे. वेधशाळेला जाचणारा हा धातूंचा स्वभाव पुढे घराघरांत सेवेस लागला. भिन्न प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना घट्ट जोडले, तर तापताच ती जोडपट्टी वाकते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील जॉन हॅरिसन या घड्याळजीने घड्याळाची चाल अचूक राखण्यासाठी ही युक्ती योजली होती. आज तीच पट्टी विजेच्या इस्त्रीत असते. इस्त्री पुरेशी तापली की वाकून प्रवाह तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. विजेचा भार वाढताच खटका पाडणाऱ्या एमसीबीतही तीच असते. आणि चुंबकाची पट्टी? फ्रिजचे दार घट्ट मिटवून धरणाऱ्या रबरी कडेत ती दडलेली आहे; बँकेच्या कार्डामागील काळ्या पट्ट्यातही चुंबकत्वाच्याच खुणांनी खातेदाराची ओळख लिहिलेली असते.

१८५१ मध्ये केरूनाना पुण्यास अध्यापक म्हणून आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणित व सृष्टिविज्ञान शिकवू लागले. विद्यार्थी इंग्रजीतून शिकत असले, तरी शास्त्र मराठीतही यावे, ही त्यांची धारणा होती. शालेय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठी पुस्तके लिहिली. परिभाषा घडावयाची होती, वाचक तयार व्हावयाचा होता. अशा काळात मातृभाषेतून विज्ञान सांगणे हे धाडस होते.

त्याहून मोठे धाडस पंचांगाचे. जुन्या ग्रंथांवरून येणारी ग्रहांची स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडले होते. आधुनिक वेधांच्या आधारे केरूनानांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ १८६० मध्ये सिद्ध केला आणि त्यावरून पुढे पटवर्धनी पंचांग निघाले. सणवार व व्रते यांच्याशी निगडित असलेला हा बदल त्या काळी फार थोड्यांनी स्वीकारला. केरूनानांनी मात्र आकाशाची साक्ष सोडली नाही. पुढे त्यांच्या शिष्याने, टिळकांनी, पंचांगशोधनाचे हे कार्य हिरिरीने चालविले.

सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांच्या संबंधाचाही केरूनानांनी अभ्यास केला. सूर्यावरील डाग वाढले की पृथ्वीवरील चुंबकपट्ट्या अधिक अस्वस्थ होतात, हे तोवर युरोपात ध्यानी आले होते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर प्रचंड खळबळ झाली, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकांनी त्या वादळाची जी नोंद करून ठेवली, ती आजही जगभरचे अभ्यासक तपासतात. केरूनाना तेव्हा पुण्यास होते. पण अखंड नोंदींची ज्या शिस्तीने ती घटना हाती लागली, ती शिस्त रुजविणाऱ्यांत ते होते.

१८७७ मध्ये त्यांना रावबहादुर हा किताब मिळाला. १८७९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागेस, म्हणजे केरूनानांच्या जन्मगावाच्या शेजारीच उभी राहिली. तेथील वेध आजही चालू आहेत.

आपल्या कोरमंगला परिसरात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. तिच्या कोडाईकनाल वेधशाळेत शतकाहून अधिक काळ सूर्यबिंबाची छायाचित्रे घेतली जात आहेत. २०२३ मध्ये झेपावलेल्या 'आदित्य-एल१' यानावरील सूर्यकिरीट पाहणारे मुख्य उपकरण याच संस्थेने घडविले आणि त्या यानावर चुंबकत्व मोजणारे साधनही आहे. सूर्य आणि चुंबक यांची जी सांगड दीडशे वर्षांपूर्वीच्या अभ्यासकांना खुणावत होती, तिचा शोध आज आपल्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर चालू आहे. त्या वास्तूत जाण्याची पात्रता मराठीतून शिकलेल्या मुलामुलींना येते का, या प्रश्नाचे उत्तर नागावच्या त्या मुलाने कधीच देऊन ठेवले आहे. त्यासाठी हवी ती तासातासाला आकडा टिपण्याची निष्ठा. आणि ती कोणत्याही भाषेत शिकता येते, मातृभाषेत तर अधिक लवकर.