फ्रान्सिस गॅनो बेनेडिक्ट

फ्रान्सिस गॅनो बेनेडिक्ट (३ ऑक्टोबर १८७० – १४ मे १९५७) हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ आणि पोषणशास्त्रज्ञ होते. शरीर पूर्ण विश्रांतीत असताना किती ऊर्जा खर्च करते, म्हणजेच मूलभूत चयापचयाचा दर किती असतो, हे मोजण्याच्या पद्धती रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दीर्घकाळ अपुरा आहार घेतल्यास शरीर आपला ऊर्जाखर्चही आवरते, हे त्यांनी निरोगी तरुणांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. हॅरिस–बेनेडिक्ट समीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. शर्करा ओळखण्यासाठी शालेय प्रयोगशाळेत वापरले जाणारे बेनेडिक्ट द्रावण मात्र त्यांचे नव्हे. ते स्टॅनली रॉसिटर बेनेडिक्ट या दुसऱ्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचे आहे.

शिक्षण आणि प्रारंभीचे कार्य

बेनेडिक्ट यांचा जन्म अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १८९३ साली पदवी व पुढच्या वर्षी पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने १८९५ साली त्यांना डॉक्टरेट दिली. मायदेशी परतल्यावर ते कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन येथील वेस्लेयन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांच्या हाताखाली रुजू झाले. १८९७ साली त्यांचा विवाह कॉर्नेलिया गोले यांच्याशी झाला. संशोधनातही त्यांनी पतीला दीर्घकाळ साथ दिली.

ॲटवॉटर यांनी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्या साहाय्याने माणूस आत राहू शकेल असा उष्मामापी कक्ष उभारला होता. या छोट्या बंदिस्त खोलीत प्रयोगार्थी अनेक दिवस राहत असे. त्याने खाल्लेले अन्न, बाहेर टाकलेली द्रव्ये, वापरलेला प्राणवायू, सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि शरीरातून निघालेली उष्णता या सर्वांचा हिशेब ठेवला जाई. अन्नातून आलेली आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा यांचा मेळ बसतो, म्हणजेच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मानवी देहालाही लागू पडतो, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले. जमाखर्चाची ही शिस्त बेनेडिक्ट यांच्या पुढील साऱ्या संशोधनाचा पाया ठरली.

बॉस्टन येथील पोषण प्रयोगशाळा

१९०७ साली कार्नेगी इन्स्टिट्यूशनने बॉस्टन येथे स्थापन केलेल्या पोषण प्रयोगशाळेचे संचालकपद बेनेडिक्ट यांच्याकडे आले. १९३७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्या पदावर होते. युरोपातील प्रयोगशाळांना वेळोवेळी भेटी देऊन तेथील उपकरणे व कार्यपद्धती यांच्या तपशीलवार नोंदी त्यांनी ठेवल्या. मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन यांच्यासमवेत त्यांनी मधुमेही रुग्णांच्या चयापचयाचा अभ्यास केला. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात आहारनियंत्रण हाच या रुग्णांचा मुख्य आधार होता. १९१४ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना सदस्यत्व दिले.

उष्मामापी कक्ष खर्चिक आणि अवजड होता. केवळ प्राणवायूच्या वापरावरून ऊर्जाखर्च काढता येईल अशी सुटसुटीत श्वसनयंत्रे बेनेडिक्ट यांनी तयार केली. त्यांतील बेनेडिक्ट–रॉथ उपकरण पुढे थायरॉइड ग्रंथीच्या विकारांच्या निदानासाठी रुग्णालयांत वापरले जाऊ लागले.

उपवासाचा प्रयोग

१९१२ साली माल्टा येथील आगोस्तिनो लेव्हानझिन हे बॉस्टनच्या प्रयोगशाळेत ३१ दिवस निराहार राहिले. या काळात ते केवळ ऊर्ध्वपातित पाणी घेत आणि रात्री उष्मामापी कक्षात झोपत. त्यांचे वजन सुमारे १३ किलोग्रॅमने घटले. वजनाबरोबर त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्चही उतरत गेला. या प्रयोगाचा सविस्तर वृत्तान्त १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मात्र हा एकाच व्यक्तीवरील आणि संपूर्ण उपवासाचा प्रयोग होता. अन्न मिळते पण पुरेसे मिळत नाही, अशा अवस्थेत काय घडते, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

अपुऱ्या आहाराचा प्रयोग

पहिल्या महायुद्धात युरोपातील अन्नटंचाईमुळे हा प्रश्न निकडीचा झाला. १९१७–१८ मध्ये बेनेडिक्ट यांनी वॉल्टर माइल्स, पॉल रॉथ आणि एच. मॉन्माउथ स्मिथ यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. हे तरुण आपले शिक्षण व व्यायाम चालू ठेवून प्रयोगात सहभागी झाले होते.

त्यांचा नेहमीचा आहार रोज सुमारे ३२०० ते ३६०० किलोकॅलरींचा होता. पहिल्या गटाचा आहार अनेक महिने कमी ठेवण्यात आला. दुसऱ्या गटाने तीन आठवडे केवळ सुमारे १४०० किलोकॅलरींवर काढले. पहिल्या गटाचे वजन सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास घटल्यावर असे आढळले, की हे उतरलेले वजन टिकवून ठेवण्यास पूर्वीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी ऊर्जा पुरते. शरीर लहान झाल्याने खर्च कमी होणे अपेक्षितच होते. परंतु वजनाच्या दर किलोग्रॅममागे होणारा खर्चही सुमारे १८ टक्क्यांनी उतरला होता. नाडी मंदावली, रक्तदाब कमी झाला, थंडी अधिक जाणवू लागली आणि लैंगिक इच्छा ओसरली. शरीर केवळ साठ्यातून खर्च भागवत नव्हते, तर खर्चालाच कात्री लावत होते. या अभ्यासावरील ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला.

न्यू हॅम्पशायर येथे अर्नेस्ट रिट्झमन यांच्यासमवेत त्यांनी बैलांना अपुरा चारा देऊनही असाच अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ १९२३ साली प्रकाशित झाला.

हॅरिस–बेनेडिक्ट समीकरण

१९१९ मध्येच संख्याशास्त्राचे अभ्यासक जे. आर्थर हॅरिस यांच्यासह बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवर आधारलेली समीकरणे ग्रंथरूपाने मांडली. वजन, उंची व वय यांवरून मूलभूत चयापचयाचा अंदाज त्यांतून काढता येतो. उदाहरणार्थ, ४० वर्षे वयाच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन १०० किलोग्रॅम असेल, तर हा अंदाज रोज सुमारे १७११ किलोकॅलरी येतो. वजन ७० किलोग्रॅमवर आल्यास तो सुमारे १४२४ होतो. म्हणजे वजन उतरल्यावर त्याच स्त्रीची निव्वळ विश्रांतीतील गरज रोज जवळजवळ २८७ किलोकॅलरींनी कमी होते.

या समीकरणांना मर्यादा आहेत. मूळ मोजमापे प्रामुख्याने निरोगी व सर्वसाधारण बांध्याच्या व्यक्तींची होती. त्यामुळे अतिस्थूल व्यक्तींच्या बाबतीत अंदाज चुकू शकतो. १९८४ साली त्यांत सुधारणा करण्यात आली आणि १९९० साली मिफ्लिन–सेंट जिओर हे नवे समीकरण पुढे आले.

भारताशी संबंध

मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमधील एलेनॉर मेसन यांनी बेनेडिक्ट यांच्या सहकार्याने दक्षिण भारतीय स्त्रियांच्या मूलभूत चयापचयाचा अभ्यास केला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचा दर अमेरिकी प्रमाणांपेक्षा बराच कमी आढळला. अशा फरकांचा संबंध त्या काळी वंशाशी जोडला जाई. पुढील संशोधनात शरीरातील स्नायू व चरबी यांचे प्रमाण, पोषण आणि हवामान यांकडे अधिक लक्ष दिले गेले. मेसन यांनी पुढे मुंबईतील भारतीय व युरोपीय स्त्रियांचाही तुलनात्मक अभ्यास केला.

उत्तरायुष्य

उंदीर, पक्षी, साप यांच्यापासून हत्तीपर्यंत अनेक प्राण्यांचा चयापचय बेनेडिक्ट यांनी मोजला. हत्तीच्या शरीरक्रियेवरील त्यांचा ग्रंथ १९३६ साली प्रकाशित झाला. ते हौशी जादूगारही होते. मेन राज्यातील माचायसपोर्ट येथे १९५७ साली त्यांचे निधन झाले.

वारसा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अँसेल कीज यांनी मिनेसोटा येथे ३६ पुरुषांवर केलेल्या अर्धउपासमारीच्या प्रयोगाने स्प्रिंगफील्डच्या निष्कर्षांना अधिक व्यापक आधार दिला.

जठराला वळसा देणारी स्थूलतेवरील शस्त्रक्रिया बेनेडिक्ट यांच्या हयातीत अस्तित्वात नव्हती. एडवर्ड मेसन यांनी आयोवा येथे ती १९६६ साली प्रथम केली. या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे रुग्णाचा आहार बहुधा रोज १००० किलोकॅलरींच्या आत असतो, वजन झपाट्याने उतरते आणि मूलभूत चयापचयही घटतो. घटीचा एक भाग लहान झालेल्या शरीरामुळे असतो. दुसरा, बेनेडिक्ट यांना दिसला होता तसा, शरीराच्या काटकसरीमुळे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ही अतिरिक्त घट आढळली, परंतु वर्षभरानंतर ती ठळकपणे दिसली नाही. स्नायूंची झीज रोखण्यासाठी अशा रुग्णांना पुरेशी प्रथिने आणि व्यायाम यांचा सल्ला दिला जातो.

पूर्वीपेक्षा कमी खाऊनही वजन उतरायचे थांबले, तर तो केवळ रुग्णाच्या निग्रहाचा दोष मानता येत नाही. त्यामागे शरीराचा बदललेला हिशेबही असू शकतो. हा हिशेब प्रत्यक्ष मोजून मांडण्याची पद्धत बेनेडिक्ट यांनी घालून दिली. श्वासातील वायूंवरून ऊर्जाखर्च काढण्याचे त्यांचे तत्त्व आजही आधुनिक उपकरणांच्या साहाय्याने रुग्णालयांत वापरले जाते.