विनोबांचे पथ्य

भाताच्या गोणी आणि मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या मुलखात अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अपरिचित कसा असेल? शंभर वर्षांपूर्वी पेणच्या मिठागरांपासून रोह्याजवळच्या वरसे गावापर्यंत सुरीचे भय मात्र दुखण्याहून मोठे होते. इटलीत बासिनी यांनी अंतर्गळाची शस्त्रक्रिया १८८०च्या दशकातच बसवली होती. पण खेड्यातल्या माणसाचा आधार म्हणजे कमरेचा पट्टा आणि पथ्य.

पथ्यावरची ही श्रद्धा ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या देहावर तपासली, ते विनायक नरहर भावे याच पेण तालुक्यातले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे त्यांचा जन्म झाला. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडी बदलून काशीला गेला आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला.

प्रकृती मुळातच नाजूक. १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन विनोबा वाईला गेले, ते नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृत शिकायला आणि शरीर सुधारायला. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग सहा-आठ शेर धान्य दळणे, पुढे तीनशे सूर्यनमस्कार. मसाले वर्ज्य, मीठही सुटले. महिनाभर केळी, दूध व लिंबावर राहून पाहिले. शक्ती घटली, तेव्हा ज्वारीची भाकरी पुन्हा ताटात आली. प्रयोग फसला तर तो सोडून देण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता.

१९३८ मध्ये वजन अवघ्या ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण न निवडता वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदी ओलांडताना त्यांनी सारे विचार, साऱ्या चिंता मागे टाकल्या. विश्रांती, बेताचा आहार आणि शेतात थोडे खणणे, एवढ्यावर दहा महिन्यांत वजन सुमारे चाळीस पौंडांनी वाढले.

मग औषध आणि सुरी निरर्थकच का? रुग्णालयांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. डिसेंबर १९५२ मध्ये भूदानयात्रेत, बिहारमधील चांडिल येथे विनोबांना जीवघेणा मलेरिया झाला. प्रथम त्यांनी औषध नाकारले. अखेर स्नेह्यांच्या आग्रहाला मान देऊन घेतले आणि ते वाचले. त्यानंतर पोटाचे जुने दुखणे दूध-दही-मधाच्या पथ्यावर सांभाळत ते आणखी अनेक वर्षे देशभर चालत राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, अन्न-औषध थांबवून त्यांनी पवनारला देह ठेवला. तो निर्णय आयुष्य पुरे झाल्यावरचा होता.

थकलेले शरीर विश्रांतीने भरून येते. पण अंतर्गळात पोटाच्या भिंतीला पडलेले छिद्र मोठ्या माणसात पथ्याने बुजत नाही. पट्टा ते फक्त दाबून धरतो. त्रास नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबता येते. मात्र फुगवटा आत जाईनासा झाला, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते आणि तेव्हा तासांचाही उशीर जिवावर बेततो. घरातले वडीलधारे संकोचाने हे दुखणे लपवतात. त्यांना विनोबांचे पथ्य सांगताना चांडिलची हकिगतही सांगावी.