तोंड न उघडणारा डिटेक्टिव्ह

समजा, तुमच्या अख्ख्या गावानं एकाच वेळी एकच पुस्तक वाचायचं ठरवलं. कॉलेजचा कट्टा, आईचा भिशी ग्रुप, आजोबांचं वाचनालय, सगळीकडे चर्चा त्याच पुस्तकाची. आणि ते पुस्तक कसलं? तर खून, फसवाफसवी आणि काळ्या पक्ष्याच्या एका मूर्तीमागे लागलेली टोळी!

अमेरिकेत हे खरंच घडलंय. १९९८मध्ये सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सगळ्या शहरानं मिळून एक पुस्तक वाचण्याचा उपक्रम सुरू केला. ती कल्पना इतर शहरांनी उचलली, मग राज्यांनी. वाचणाऱ्यांची संख्या घटतेय हे पाहून २००६मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या 'नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द आर्ट्स' या संस्थेनं 'द बिग रीड' आणलं. गावातल्या लायब्ररीनं किंवा कॉलेजनं यादीतलं एक पुस्तक निवडायचं, सरकारी अनुदान घ्यायचं आणि चर्चा, व्याख्यानं, सिनेमाचे खेळ लावून गावाला वाचतं करायचं. या यादीत 'द ग्रेट गॅट्सबी', 'टु किल अ मॉकिंगबर्ड' अशा वजनदार कादंबऱ्यांच्या शेजारी एक थ्रिलरही होती. 'द माल्टीज फाल्कन', लेखक डॅशिएल हॅमेट.

आता खरी गंमत ऐका. याच हॅमेटची पुस्तकं १९५३मध्ये अमेरिकन सरकारच्याच परदेशातल्या वाचनालयांमधून काढून टाकली होती. का? त्यासाठी हा माणूस समजून घ्यायला हवा.

हॅमेट जन्मला १८९४मध्ये, मेरीलँड राज्यात. घरची ओढाताण, म्हणून हायस्कूल अर्धवट सोडून त्यानं मिळेल ते काम केलं. रेल्वे कंपनीत निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणूनही राबला. १९१५मध्ये तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत लागला. या संस्थेच्या चिन्हावर एक उघडा डोळा असायचा. लोकांवर पाळत ठेवायची, रिपोर्ट लिहायचे, मोजक्या शब्दांत लिहायचे. पुढे त्याची जी शैली गाजली, तिची प्रॅक्टिस ही अशी पगारी झाली.

पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या रुग्णवाहिका दलात भरती झाला. परदेशी जाण्याआधीच स्पॅनिश फ्लूनं गाठलं आणि पाठोपाठ क्षयानं. फुप्फुसं कायमची कमजोर झाली. हॉस्पिटलमध्येच त्याला जोसेफिन डोलन ही नर्स भेटली. १९२१मध्ये दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत लग्न केलं. संसार सुरू झाला, पण धावपळीचं काम काही झेपेना. मग बसून करता येईल असं काम त्यानं शोधलं, ते म्हणजे लिहिणं.

तो लिहायचा 'ब्लॅक मास्क'मध्ये. स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेलं मासिक. साहित्यिक मंडळींच्या लेखी त्याची किंमत शून्य. आपल्याकडचंच बघा ना. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहून पिढ्या वाचत्या केल्या, तरी रहस्यकथा म्हणजे टाइमपास, हा शिक्का काही पुसला गेला नाही. हॅमेटच्या वाट्यालाही सुरुवातीला हेच होतं. पण त्यानं एक केलं. बंगल्यात चहा पिता पिता कोडी सोडवणारा हुशार साहेब त्यानं बाजूला सारला आणि खून रस्त्यावर आणला, जिथे तो खरंच होतो.

१९३०मध्ये 'द माल्टीज फाल्कन' पुस्तकरूपात आलं. नायक सॅम स्पेड. त्याचा पार्टनर मारला जातो आणि खोटं बोलण्यात एकाहून एक सरस माणसं त्याच्या ऑफिसात येत राहतात. या कादंबरीत हॅमेट कुणाच्याही मनात शिरत नाही. पात्रं काय करतात, काय बोलतात, एवढंच सांगतो. स्पेड चांगला की वाईट, हे तुम्हीच ठरवायचं. दहा जण वाचतील तर दहा मतं निघतील. गावानं एकत्र वाचायला याहून बरं पुस्तक कुठलं? १९४१मध्ये त्यावर हम्फ्री बोगार्टचा सिनेमा आला आणि सॅम स्पेड जगभर पोचला.

पाच वर्षांत पाच कादंबऱ्या. शेवटची 'द थिन मॅन', १९३४ची. त्यानंतर तो सत्तावीस वर्षं जगला, पण नवी कादंबरी आली नाही. हॉलिवूडचा पैसा आला, दारू आली, संसार विस्कटला. हे झाकण्यात अर्थ नाही. पण याच काळात तो राजकारणात उतरला, डाव्या चळवळीत काम करू लागला. आणि १९४२मध्ये वयाच्या ४८व्या वर्षी, क्षयाचे डाग असलेल्या फुप्फुसांसह, पुन्हा सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला! अलास्काजवळच्या आडाक बेटावर त्यानं सैनिकांसाठी वर्तमानपत्र चालवलं.

युद्ध संपलं आणि अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. अटक झालेल्यांना जामिनाचे पैसे पुरवणाऱ्या एका निधीचा हॅमेट विश्वस्त होता. १९५१मध्ये जामिनावर सुटलेले चार कम्युनिस्ट नेते फरार झाले. कोर्टानं हॅमेटला विचारलं, या निधीला पैसे कोण देतं? नावं सांग. त्यानं सांगितली नाहीत. शिक्षा झाली सहा महिन्यांची. सुमारे पाच महिने त्यानं तुरुंगात काढले आणि तिथे संडास साफ केले. तेव्हा तो ५७ वर्षांचा होता.

बाहेर आला तर सगळं गेलेलं. सॅम स्पेडवरची रेडिओ मालिका बंद पडली होती. आयकर खात्यानं लाखाहून जास्त डॉलरची थकबाकी काढून त्याच्या कमाईवर टाच आणली.

१९५३मध्ये सिनेटर मॅकार्थींच्या समितीनं त्याला बोलावलं. मुद्दा होता परदेशातल्या सरकारी वाचनालयांचा. कम्युनिझमशी लढायचं असेल, तर कम्युनिस्टांची पुस्तकं सरकारनं विकत घ्यावीत का, असं त्याला विचारलं गेलं. त्याच्या उत्तराचा मतितार्थ असा, की तशी लढाई लढायची असेल तर लोकांना पुस्तकंच देऊ नयेत, कुठलीही. यात त्यानं खिल्ली कुणाची उडवली, ते तुम्हीच ओळखा. त्याची पुस्तकं कपाटांतून खाली उतरली. पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीच जाहीर सांगितलं, की आपण ती काढली नसती.

१० जानेवारी १९६१ला हॅमेट गेला. खिसा रिकामा, फुप्फुसात कॅन्सर. दोन्ही महायुद्धांतला सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.

आणि मग 'बिग रीड' आलं. ज्या सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं आणि त्याची पुस्तकं हटवली, त्याच सरकारच्या पैशानं गावंच्या गावं त्याची थ्रिलर वाचू लागली. ते बघायला तो नव्हता. नावं सांगितली असती तर कदाचित त्याची शेवटची दहा वर्षं सुखात गेली असती. पण ती माणसं त्याच्या शब्दावर विसंबून होती.

तेव्हा 'द माल्टीज फाल्कन' कुठे दिसलंच तर वाचाच, शक्यतो चार मित्रांनी मिळून. शेवटी सॅम स्पेड एक निर्णय घेतो. तो काय, ते इथे फोडत नाही. पण तो बरोबर की चूक, यावर कट्ट्यावर भांडण झालं, तर समजा तुमचं स्वतःचं 'बिग रीड' सुरू झालं!