रॉबर्टो क्लेमेंटे

आपल्याकडे क्रिकेटला जे स्थान आहे, तेच अमेरिकेत बेसबॉल या खेळाला आहे. या खेळातही एक जण चेंडू टाकतो व दुसरा तो बॅटने टोलवितो. मग फलंदाज मैदानावरील चार थांब्यांना फेरी घालून एक धाव पुरी करतो. या खेळात नैपुण्य मिळविणाऱ्याचे नाव तेथे घरोघर पोहोचते. परंतु कीर्तीच्या शिखरावर असतानाही ज्याने आपले गाव, आपली भाषा आणि आपली माणसे यांचा स्वतःला विसर पडू दिला नाही, असा एक खेळाडू त्या देशात होऊन गेला. त्याचे नाव रॉबर्टो क्लेमेंटे.

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचे एक हिरवेगार बेट आहे. १८९८ मध्ये ते स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले व १९१७ मध्ये तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तथापि त्यांची भाषा स्पॅनिशच राहिली. या बेटावरील कॅरोलिना या गावी १८ ऑगस्ट १९३४ रोजी रॉबर्टोचा जन्म झाला. त्याचे वडील मेल्कोर क्लेमेंटे हे उसाच्या मळ्यात तोडणी कामगारांवर मुकादम होते. आई लुईसा वॉकर ही घरकाम सांभाळून लोकांचे कपडे धुण्याचे काम करी. तिकडील चालीप्रमाणे वडिलांच्या आडनावानंतर आईचे आडनाव लावीत. म्हणून त्याचे पूर्ण नाव रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर असे होते.

रॉबर्टो हा भावंडांत सर्वांत धाकटा; पण म्हणून त्याचे फाजील लाड झाले नाहीत. त्याला सायकलीची हौस होती. ती स्वतः कष्ट करून मिळवावी, असे वडिलांनी सांगितले. तेव्हा शेजाऱ्याचे दुधाचे डबे वाहून नेण्याचे काम त्याने पत्करले आणि मिळेल ते नाणे साठवीत तीन वर्षांनी सायकल घेतली. खेळाच्या साहित्यासाठी तर घरात पैसा नव्हताच. पेरूच्या झाडाची फांदी ही त्याची बॅट आणि चिंध्या घट्ट बांधून केलेला गोळा हा त्याचा चेंडू. शाळेत तो भालाफेकीतही चमकला. त्या सरावाने त्याच्या बाहूंत असे बळ आले, की पुढे त्याची चेंडूफेक पाहून जाणकारही थक्क होत.

१९५२ मध्ये सांतुर्से येथील व्यावसायिक संघात त्याचा प्रवेश झाला. दोनच वर्षांनी अमेरिकेतील ब्रुकलिन डॉजर्स या नामांकित संघाने दहा हजार डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले व कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथील आपल्या दुय्यम संघात पाठविले. त्या शहरात फ्रेंच बोलली जाई, संघात इंग्रजी चाले आणि रॉबर्टोला येत होती ती स्पॅनिश! त्यातून त्याला पुष्कळदा खेळावयास न मिळता नुसते बाकावर बसून राहावे लागे. वीस वर्षांच्या त्या तरुणाला घर सोडून आल्याचा पश्चात्ताप व्हावा, अशीच ती परिस्थिती होती. परंतु त्याने धीर सोडला नाही. १९५४ च्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्याची निवड केली आणि १७ एप्रिल १९५५ रोजी तो वरिष्ठ गटातील पहिला सामना खेळला.

येथे त्याच्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूला १९४७ मध्ये वरिष्ठ गटात प्रवेश मिळाला होता, तरी वर्णभेद संपला नव्हता. संघ सरावासाठी फ्लोरिडात जाई, तेव्हा गोरे खेळाडू उपाहारगृहात जेवीत आणि काळे खेळाडू बाहेर मोटारीत बसून राहत. आपल्या बेटावर असा भेद न पाहिलेल्या रॉबर्टोला हा अपमान असह्य झाला. त्याने व्यवस्थापकांपाशी गाऱ्हाणे मांडले व आपल्या सोबत्यांसाठी निराळ्या गाडीची सोय करून घेतली. वृत्तपत्रांतूनही त्याची उपेक्षा होई. त्याचे मोडकेतोडके इंग्रजी काही बातमीदार जसेच्या तसे छापून वाचकांना हसवीत. मोटार अपघातात दुखावलेल्या पाठीमुळे तो कण्हू लागला, की तो ढोंग करतो असे म्हणत. इतकेच काय, उच्चारास सोपे म्हणून त्याला बॉब म्हणू लागले. रॉबर्टो मात्र आपले नाव रॉबर्टोच आहे, हे प्रत्येक वेळी निक्षून सांगे. आईवडिलांनी ठेवलेले नाव परक्यांच्या सोयीसाठी टाकून देणे त्याला मान्य नव्हते.

टीकेला त्याने आपल्या खेळाने उत्तर दिले. १९६० मध्ये पायरेट्स संघाने बलाढ्य न्यूयॉर्क यांकीज संघाला हरवून वर्ल्ड सिरीज हे अजिंक्यपद मिळविले. १९६१, १९६४, १९६५ व १९६७ या चार वर्षी फलंदाजीच्या सरासरीत तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला. क्षेत्ररक्षणाचा गौरव त्याला लागोपाठ बारा वर्षे मिळाला. १९७१ मध्ये पुन्हा अजिंक्यपद लाभले व त्या मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे आला. विजयानंतर सारा देश दूरचित्रवाणीवर त्याच्याकडे पाहत होता. त्या क्षणी त्याने आधी स्पॅनिश भाषेत दूर असलेल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले आणि मगच तो इंग्रजीत बोलला. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने तीन हजारावा यशस्वी फटका मारला. तोवर केवळ दहा खेळाडूंना हे साधले होते.

दुर्दैवाने तोच त्याच्या नियमित हंगामातील शेवटचा फटका ठरला. त्या वर्षाच्या अखेरीस पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा मार्गदर्शक म्हणून तो निकाराग्वा देशात गेला होता. तो परतल्यावर थोड्याच दिवसांनी, २३ डिसेंबर रोजी, त्या देशाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगावली. ऐन नाताळात क्लेमेंटेने घरचा सण बाजूस सारला आणि अन्न, वस्त्रे व औषधे गोळा करून विमानांनी धाडली. परंतु ही मदत तेथील सत्ताधाऱ्यांचे सैनिक मध्येच बळकावतात, असे वृत्त त्याच्या कानी आले. आपण स्वतः गेलो तर सामान गरजूंच्या हाती पडेल, या विचाराने त्याने जाण्याचा निश्चय केला. ३१ डिसेंबरच्या रात्री सॅन हुआन येथून एक जुने, प्रमाणाबाहेर ओझे लादलेले विमान त्याला घेऊन उडाले आणि काही क्षणांतच समुद्रात कोसळले. विमानातील पाचही जण प्राणास मुकले. पत्नी व्हेरा व तीन लहान मुलगे यांना मागे ठेवून तो अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. त्याचा देह अखेरपर्यंत सापडला नाही.

बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळण्यासाठी खेळाडूला निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागे. क्लेमेंटेसाठी हा नियम दूर ठेवण्यात आला व १९७३ मध्ये लॅटिन अमेरिकेतील पहिला खेळाडू म्हणून त्याला तेथे स्थान मिळाले. समाजसेवा करणाऱ्या खेळाडूस दरवर्षी देण्यात येणाऱ्या पुरस्काराला त्याचे नाव देण्यात आले. कीर्तिमंदिरातील फलकावर मात्र त्याच्या नावाचा क्रम चुकला होता. आईचे आडनाव मध्येच घातले गेले होते. २००० मध्ये तो फलक बदलण्यात आला आणि रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर हे नाव यथायोग्य कोरले गेले.

स्वतःच्या नावासाठी तो इतका आग्रही होता, पण दुसऱ्याच्या प्राणासाठी त्याने स्वतःच्या प्राणाचीही पर्वा केली नाही. स्वाभिमान व परोपकार यांचा असा संगम ज्याच्या ठायी झाला, तो केवळ मैदानापुरता मोठा राहत नाही.