पदव्यांपासून वसतिगृहापर्यंत

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आम्ही वर्गात नेहमी मोजून सांगतो; त्यामागची ओढाताण सांगायची मात्र राहून जाते. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यातूनच घरीही पैसे पाठवावे लागत. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. पुढे मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावे लागले. बडोद्यात या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला भाड्याने घर मिळेना! सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, काटकसरीने पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि डी.एस्सी.चा प्रबंध पूर्ण करून १९२३ मध्ये परतले.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था मुंबईत निघाली ती १९३६ मध्ये. बाबासाहेबांनी त्याआधीच, २० जुलै १९२४ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. सभेचे पहिले ठोस काम म्हणजे १९२५ मध्ये सोलापुरात काढलेले वसतिगृह. राजूर कॉलरीतले पालक लेकराची पेटी आमच्या दारात ठेवतात, तेव्हा आम्हांला तेच वसतिगृह आठवते. तेथे मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभा उचलीत असे.