प्रकाशाचा धक्का मोजणारा शास्त्रज्ञ : प्योत्र लेबेदेव

प्रकाशशास्त्राचा इतिहास चाळू लागलो की बसऱ्याचे इब्न अल्-हैसम यांचे नाव प्रथम डोळ्यांसमोर येते. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून नव्हे, तर वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी प्रयोगांच्या आधारे मांडले. प्रकाश येतो हे ठरले. पण येताना तो वस्तूला धक्का देतो काय, या प्रश्नाचा निकाल लागण्यास एकोणिसावे शतक संपत यावे लागले. तो निकाल देणारे रशियन शास्त्रज्ञ प्योत्र निकोलायेविच लेबेदेव यांचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

लेबेदेव यांचा जन्म ८ मार्च १८६६ रोजी मॉस्को शहरी एका व्यापारी कुटुंबात झाला. मुलाने आपला व्यवसाय सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. आपल्याकडील व्यापारी घरांतून आजही असेच घडते, म्हणून त्यात नवल नाही. परंतु घरी येणाऱ्या एका लष्करी इंजिनियराने या मुलाला विजेचे काही प्रयोग करून दाखविले आणि त्याचे मन हिशेबाच्या वहीतून उठले ते कायमचेच.

मात्र वाट सोपी नव्हती. ज्या प्रकारच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले, तेथे लॅटिन भाषा शिकविली जात नसे, आणि त्या काळच्या रशियात लॅटिनवाचून विद्यापीठाचे दार उघडत नसे. म्हणून १८८४ साली त्यांनी मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे यंत्रे हाताळण्याचे कसब मिळाले, पण ओढा शुद्ध विज्ञानाकडे होता. १८८७ मध्ये अभ्यासक्रम अर्धा सोडून ते स्ट्रासबर्ग येथे प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ आउगुस्ट कुंट यांच्याकडे गेले. गुरू बर्लिनला गेले तेव्हा शिष्यही मागोमाग गेला. बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी पुन्हा लॅटिनच आडवी आली! लेबेदेव निराश झाले नाहीत. ते स्ट्रासबर्गला परतले आणि १८९१ मध्ये तेथील पदवी घेऊन मायदेशी आले. मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक स्तोलेतोव यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली.

आता त्यांच्या कार्याकडे वळू. प्रकाश हा विद्युत्चुंबकीय तरंग आहे, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी गणिताने दाखविले होते. त्याच गणितातून १८७३ मध्ये त्यांनी असाही निष्कर्ष काढला की, हे तरंग ज्या पदार्थावर पडतात त्याला ते ढकलतात. तरंगातील विद्युत् क्षेत्र पदार्थातील विद्युत्भारांना हलविते. हलणाऱ्या भारांवर तरंगातील चुंबकीय क्षेत्राचे बल लागते. आणि पदार्थ प्रकाश शोषून घेत असेल तेव्हा हे बल प्रकाशाच्या वाटचालीच्या दिशेने पडते. म्हणजेच प्रकाशाजवळ संवेग असतो. भिंतीवर फेकलेला चिखलाचा गोळा तेथेच चिकटतो, रबरी चेंडू उलटा येतो. चेंडूचा धक्का गोळ्याच्या दुप्पट असतो. त्याचप्रमाणे काळा पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, तर आरसा तो परतवतो, म्हणून आरशावरील दाब दुप्पट असतो.

पण हा दाब किती? भर दुपारच्या उन्हात ठेवलेल्या एक चौरस मीटर काळ्या पृष्ठभागावर तो जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅम वजनाएवढा! विल्यम क्रुक्स यांनी निर्वात काचेच्या भांड्यात पंख्याची चक्री उन्हावर फिरवून दाखविली, तेव्हा अनेकांना वाटले की हाच प्रकाशाचा दाब. परंतु ती चक्री फिरत होती भांड्यात उरलेल्या तापलेल्या हवेमुळे. प्रकाशाच्या दाबाने ती फिरली असती तर उलट दिशेने फिरली असती. हवेचा हा खोटा धक्का खऱ्या धक्क्याहून कितीतरी मोठा असतो.

लेबेदेव यांचे मोठेपण येथे दिसते. खोटा धक्का नाहीसा केल्याशिवाय खरा दिसणार नाही, हे ओळखून त्यांनी एकेक अडथळा दूर केला. बारीक तंतूला त्यांनी धातूच्या अवघ्या पाच मिलिमीटर व्यासाच्या पातळ चकत्या टांगल्या. पातळ असल्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच तापत. प्रकाश आळीपाळीने दोन्ही बाजूंनी टाकला. उष्णता देणारे अनावश्यक किरण काच व पाण्यातून गाळून घेतले. भांड्यात पाऱ्याचा थेंब ठेवून तो किंचित तापविला, पाऱ्याच्या वाफेने उरलीसुरली हवा बाहेर काढली आणि ती वाफ अतिथंड मिश्रणाने गोठविली. अनेक वर्षांच्या या खटपटीनंतर प्रकाशाचा दाब प्रत्यक्ष मोजला गेला. मॅक्सवेल यांच्या आकड्याशी तो सुमारे वीस टक्क्यांच्या आत जुळला. १८९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक परिषदेत त्यांनी ही माहिती दिली, आणि १९०१ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. मॅक्सवेल यांचा हा सिद्धान्त आजवर न मानणारे लॉर्ड केल्विनही या प्रयोगांपुढे नमले, असे वनस्पतिशास्त्रज्ञ तिमिर्याझेव यांनी नमूद केले आहे.

लेबेदेव तेवढ्यावर थांबले नाहीत. घन चकतीवरील दाब मोजून झाला. आता वायूमधून जाणारा प्रकाश वायूला ढकलतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. धूमकेतूची शेपटी सूर्यापासून दूर का वळते, या जुन्या कोड्याचा त्यांना ध्यास होता. वायू थोडासाच प्रकाश शोषतात, म्हणून त्यांवरील दाब फारच क्षीण. अनेकांनी हे काम अशक्य ठरविले होते. प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी ते १९१० पर्यंत पुरे केले. आज आपण जाणतो की, धूमकेतूची धुळीची शेपटी प्रकाशाच्या दाबाने मागे ढकलली जाते, तर विद्युत्भारित कणांची शेपटी सौर वाऱ्यामुळे.

आणि मग १९११ साल उजाडले. शिक्षणमंत्री कास्सो यांनी विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर घाला घातला व कुलगुरू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना बडतर्फ केले. निषेध म्हणून शंभराहून अधिक अध्यापकांनी विद्यापीठ सोडले. लेबेदेव यांना हृदयविकार होता. प्रयोगशाळा, राहते घर व उपजीविका, सारेच विद्यापीठाचे. तरीही त्यांनी राजीनामा दिला. स्वीडनहून सन्मानाचे बोलावणे आले, तेही नाकारले, कारण शिष्यांना सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते. अशा वेळी आधार मिळाला तो लोकवर्गणी व देणग्यांचा. जनरल शान्याव्स्की यांच्या देणगीतून १९०८ मध्ये उघडलेले लोकविद्यापीठ धर्म वा स्त्री-पुरुष असा भेद न करता कोणालाही शिकवीत असे. त्याच्या मदतीने एका भाड्याच्या घराच्या तळघरात नवी प्रयोगशाळा थाटली गेली. परंतु शरीराने साथ दिली नाही. १४ मार्च १९१२ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी लेबेदेव निवर्तले.

त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र संपला नाही. पाण्यात वा काचेत शिरल्यावर प्रकाशाचा संवेग वाढतो की घटतो? १९०८ मध्ये मिन्कोव्स्की यांच्या गणिताने तो वाढतो असे निघाले, तर १९०९ मध्ये अब्राहम यांच्या गणिताने घटतो असे. शंभर वर्षे हा वाद चालला. २०१० मध्ये बार्नेट यांनी दाखविले की हे दोन वेगळ्या प्रकारचे संवेग असून दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. इकडे भारतातही मेघनाद साहा यांनी १९१८ मध्ये कलकत्त्यास प्रकाशाच्या दाबावर प्रयोग केले. २०१० मध्ये जपानच्या इकारोस यानाने सूर्यप्रकाशाच्या दाबावर अवकाशात शीड चालविले, आणि प्रकाशाच्या चिमट्याने सूक्ष्म कण पकडणाऱ्या आर्थर अॅश्किन यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मॉस्कोत १९३४ पासून लेबेदेव यांच्या नावाची मोठी भौतिकी संस्था उभी आहे, आणि तिचे पहिले संचालक सर्गेइ वावीलोव हे त्यांचेच शिष्य होते.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, एक भाषा न आल्यामुळे दोनदा दार बंद झालेल्या या मुलाने तिसरे दार शोधले, हे लक्षात ठेवा. पालकांना विनंती इतकीच की, आपल्या मुलाचा वा मुलीचा कल दुकानाच्या गल्ल्याकडे नसून पुस्तकाकडे असेल, तर त्याला अडवू नका. आणि आपल्या संस्थेस वर्गणी देणाऱ्या प्रत्येक सज्जनाने हे जाणावे की, सरकारी दार बंद झाले त्या दिवशी एका थोर शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा सामान्य नागरिकांच्या देणगीनेच उघडी राहिली होती.